एकदाच विचारायचं

कादंबरी नावाच्या त्या मुलीचा मला पहिल्याच दिवशी राग आला, आणि तो दोन बाकरवड्यांवरून आला. आमची लेक लीना सिडनीला ब्लॅकटाउनमध्ये असते. तिथून ती मला अधूनमधून बाकरवडीचं पाकीट पाठवते आणि इकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत मी ते पुरवून पुरवून खाते. त्या दिवशी शेवटच्या दोन उरल्या होत्या. ही मुलगी पर्थहून सात तास ट्रेनमध्ये बसून आलेली, चहा झाला होता, म्हणून मी बशी पुढे केली आणि म्हटलं, "घे गं." आता कुठलीही शहाणी मुलगी काय म्हणेल? "नको काकू." मग मी म्हणणार, "अगं घे, लाजतेस काय?" ती म्हणणार, "खरंच नको, तुम्ही घ्या." मग एक मी तिला देणार, एक मी घेणार आणि दोघींचा मान राहणार. ही म्हणाली, "हो, थँक यू काकू," आणि दोन्ही उचलल्या.

मी मधूकडे पाहिलं. मधू म्हणजे माझा नवरा, इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर आहे. जमिनीखाली खोलवर काम करणाऱ्या माणसांना हवा नीट पोचते की नाही हे बघणं त्याचं काम. घरातली हवा तापली की मात्र तो खिडकीबाहेर बघत बसतो. तेव्हाही तो तेच करत होता.

खरं तर मला घरात कुणी ठेवायचंच नव्हतं. पर्थच्या माझ्या मैत्रिणीचा, विनीताचा, फोन आला की चिंचवडची एक मुलगी आहे, पर्थच्या युनिव्हर्सिटीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिची पाच आठवड्यांची प्लेसमेंट, म्हणजे शिकता शिकता करायचं प्रत्यक्ष काम, कालगुर्लीच्या एका वृद्धाश्रमात लागली आहे आणि विद्यार्थ्यांसाठीची घरं सगळी भरली आहेत. "लीनाची खोली रिकामीच आहे ना?" मी नाही म्हणायच्या आत "नीरजा, तू देवमाणूस आहेस" असं म्हणून तिने फोन ठेवला. आणि मग पाठीवर सॅक, पायात पुरुषांच्या मापाचे बूट आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या पेनने काहीबाही लिहिलेलं, अशी ही उंचच्या उंच मुलगी माझ्या दारात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी जरा टोचूनच विचारलं, "तुमच्याकडे पहिल्याच वेळी हो म्हणायची पद्धत आहे का गं?"

टोमणा तिला बरोब्बर कळला. लाजली वगैरे नाही, उलट मोठ्याने हसली. "काकू, ती माझी ऑस्ट्रेलियात आल्यावर लागलेली सवय आहे. पहिला महिना मी मॉरीन नावाच्या बाईंच्या घरी राहिले. पहिल्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, पास्ता केलाय, खाणार? मी म्हटलं, नो नो, आय ॲम फाइन. त्या म्हणाल्या, नो वरीज. आणि काकू, त्यांनी खरंच पास्ता फ्रिजमध्ये ठेवून दिला! मी वाट बघतेय, आता परत विचारतील, मग विचारतील. त्यांनी टीव्ही लावला. माझ्या पोटात कावळे ओरडतायत आणि टीव्हीवर कुकिंगचा प्रोग्राम."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सूप. मी परत नको म्हटलं, तोंडातून आपोआपच येतं ना ते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. त्यांना वाटलं, हिला आपल्या हातचं आवडत नाही. चौथ्या दिवशी मी फ्रिजसमोर उभी राहून रडले. मॉरीन एवढ्या घाबरल्या! तेव्हा कळलं, इथे पहिलं उत्तर हेच उत्तर. कानाला खडा लावला. कुणी काही पुढे केलं की हो म्हणायचं आणि उचलायचं."

मधू इतका हसला की त्याला ठसका लागला. बाकरवड्या मी तिथल्या तिथे माफ केल्या. पण म्हटलं, हे बघ, माझ्या घरात आपली पद्धत चालणार. मी तीनदा विचारणार आणि तू तीनदा खाणार. आणि ती पुरे म्हणत असताना तिच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

पुढचे दोन आठवडे घरात कसा गोंगाट होता म्हणून सांगू! पहाटेच उठून ही लीनाच्या जुन्या सायकलवरून शिफ्टला जायची. सप्टेंबर होता, इथल्या मॅगपाय पक्ष्यांचे अंड्यावर बसायचे दिवस, आणि ते सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात. म्हणून हिने हेल्मेटला प्लास्टिकच्या वीस-पंचवीस पट्ट्या बांधून साळिंदर केलं होतं. समोरच्या घरातला म्हातारा तिला बघायला रोज कॉफी घेऊन बाहेर यायचा. दुपारी परत आली की लॅपटॉपवर लेक्चर, मग चिंचवडला आईशी व्हिडिओ कॉल. त्यात आई हिला सोडून माझ्याशीच बोलायची. पोळ्या तिला जमायच्या नाहीत, पण थालीपीठ असं थापायची की मीही मान डोलावली. भरपूर लसूण घालायची. लीना गेल्यापासून घरात दोन माणसं आणि एक फ्रिज एवढाच आवाज होता, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

जेवताना ती वृद्धाश्रमातल्या गोष्टी सांगायची, आणि त्यात लेन जास्त असायचा. लेन एक्याण्णव वर्षांचा. चाळीस वर्षं इथल्या खाणीत जमिनीखाली काम केलेला. बायको वारली, मुलगा दूर क्वीन्सलंडला, म्हणून हिवाळ्यात वृद्धाश्रमात आला आणि जेवेनासा झाला. वजन उतरत होतं. डॉक्टरांनी तपासलं, गिळायला काही त्रास नव्हता, इच्छाच नव्हती. "लंच, लेन?" "नॉट टुडे, लव्ह." मग तासाभराने पुन्हा येऊन विचारायचं, तेव्हाही नाही म्हणाला तर तसं लिहून ठेवायचं. त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही, हा तिथला नियम.

"काकू, माझ्या आजोबांना आम्ही असं सोडलं असतं का?" कादंबरी म्हणाली. "मी आज खुर्ची ओढून बसले. म्हटलं, एक घास खाणीसाठी, एक घास माझ्यासाठी. आधी नाही नाही करत होता. मग हसला आणि अर्धी प्लेट खाल्ली!"

"शाब्बास!" मी म्हटलं. "आग्रहाशिवाय कुणी जेवतं का? करत राहा."

हे मी म्हटलं होतं. पुढे जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून आधीच सांगून टाकते.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी ती सायकल हातात धरून चालत घरी आली. मी काउंटरवरून लवकर सुटले होते, मी फार्मसीत काम करते, आणि दारातच उभी होते. तिच्या गणवेशावर पिवळा डाग होता. खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. दुपारी लेन तीनदा नको म्हणाला होता. ही चौथ्यांदा "फक्त एक चमचा" म्हणत कस्टर्डचा चमचा त्याच्या तोंडाशी घेऊन गेली. त्याने ट्रे ढकलून दिला. कस्टर्ड भिंतीवर, हिच्या अंगावर, सगळीकडे. आणि म्हणाला, "मी नाही म्हटलं ना, पोरी? आता माझं नाहीसुद्धा कुणी ऐकायचं नाही का?" एवढं बोलून तो म्हातारा रडला.

तिची तिथली सुपरवायझर ट्रेसी दारातच होती. ती ओरडली नाही. शांतपणे बाजूला घेऊन तिने मूल्यमापनाचा कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं, "रहिवाशाच्या नकाराचा मान राखत नाही." उरलेल्या दोन आठवड्यांत हे बदललेलं दिसलं नाही, तर कादंबरी या प्लेसमेंटमध्ये नापास. म्हणजे तिसऱ्या वर्षात जाता येणार नाही, सगळं वर्ष मागे.

"वर्षाचं बघता येईल, काकू," ती हुंदके देत म्हणाली. "पण लेन माझ्याकडे बघतच नाहीये."

माझ्या नाकावर राग असतो असं मधू म्हणतो, आणि ते खरं आहे. मी तडक उठले. "मी येते उद्या त्या ट्रेसीशी बोलायला. भुकेल्या माणसाला दोन घास भरवले, हा काय गुन्हा झाला? आपल्याकडे पाहुण्याला नुसतं विचारून ताट उचललं तर त्याला अपमान म्हणतात!"

"नीरजा, तू कुठेही जाणार नाहीस," मधू म्हणाला. हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं असेल. "शनिवारी आपण तिघं एस्परन्सला जाऊ. पोरीने अजून समुद्र कुठे पाहिलाय इकडचा?"

एस्परन्स म्हणजे दक्षिणेला चारशे किलोमीटर. आमच्या गावात पिण्याचं पाणीसुद्धा पर्थकडून पाइपातून येतं, तेव्हा डबा न घेता गावाबाहेर पडणं मला झेपत नाही. मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गूळपोळ्या. गाडीत मी पुढे, डबे माझ्या पायाशी, कादंबरी मागे. दोन्हीकडे लाल माती, तांबूस खोडांची झाडं, मधूनच तीन-तीन डबे जोडलेला लांबलचक ट्रक आला की गाडी हलायची. मी मागे वळून म्हटलं, "दशमी घे." ती म्हणाली, "नको काकू." मी म्हटलं, "सकाळपासून काही खाल्लं नाहीस," आणि हातात दिली. थोड्या वेळाने गूळपोळी. "नको काकू, खरंच." "अगं, तुपाची आहे," म्हणून ती दिली. मग चिवडा. "काकू, नको ना." "मूठभर तर घे." तिने घेतला. रडून रडून अर्धी झालेली पोर, तिला खायला घालणं हा मला त्या वेळी एकमेव उपाय दिसत होता.

नॉर्समन गावात एका चौकात पत्र्याचे उंट उभे केले आहेत. तिथे कादंबरी एकदम ओरडली, "काका, थांबवा!" आणि दार उघडून एका उंटाच्या पायाशी तिने सगळं बाहेर काढलं. दशमी, गूळपोळी, चिवडा, सगळं.

मी पाण्याची बाटली घेऊन धावले. पाठीवरून हात फिरवला. "बाधलं का गं काही?"

"मला गाडी लागते, काकू. म्हणून तीनदा नको म्हटलं होतं."

"अगं, पण मला वाटलं तू लाजून..."

"लाजून नाही. खरंच नको होतं." ती चूळ भरून सरळ उभी राहिली, त्या पत्र्याच्या उंटाकडे बघत राहिली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "लेनलाही खरंच नको होतं."

मला लाज वाटली. स्पष्टच सांगते, फार लाज वाटली. तीन आठवड्यांत या मुलीने मला कितीदा नको म्हटलं असेल, आणि त्यातलं एकही माझ्या कानात शिरलं नव्हतं. लीना घरी यायची तेव्हा ताटावर आडवा हात धरून बसायची, तेही आठवलं. मी पुढे जाऊन बसले आणि डबे बंद केले.

एस्परन्सला पाणी इतकं निळं असतं की खोटं वाटतं. वारा मात्र असा की टोपी हातात धरून चालावं लागलं. मधूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. कादंबरी बूट फेकून धावत थेट पाण्यात गेली, थंडीने किंचाळली, बाहेर आली, परत गेली. गेल्या तीन दिवसांत ती पहिल्यांदाच अशी हसत होती. मी वाळूत चादर पसरली, डबा उघडला आणि एकटीच खायला बसले. कुणाला काही विचारायचं नाही, अशी शपथच घेतली होती. जरा रागही होता त्यात, खोटं कशाला बोलू?

थोड्या वेळाने ती ओलीचिंब येऊन शेजारी बसली. मी खात होते. ती समुद्राकडे बघत होती. मग तिचा हात डब्यात गेला. एक दशमी खाल्ली, चटणी लावून दुसरी, मग तिसरी.

"काकू, तुम्ही विचारलं नाहीत."

"तूच म्हणालीस ना नको असतं म्हणून. आता बसते गप्प."

ती तिसऱ्या दशमीच्या मध्येच थांबली. "थांबा, थांबा. तुम्ही विचारलंच नाहीत. नुसत्या शेजारी बसून जेवत होतात." तिने सॅकमधून पेन काढलं आणि ओल्या हातावर काहीतरी लिहायला लागली. पेन उमटेना, तर मधूचा हात ओढून त्याच्यावर लिहिलं.

परतीच्या वाटेवर मधूने हात स्टिअरिंगवर धरून ते वाचलं: "विचार एकदा. मग शेजारी जेव." आणि म्हणाला, "खाणीत असंच असतं. जमिनीखालच्या जेवणाला आमच्याकडे क्रिब म्हणतात. क्रिबरूममध्ये सगळी शिफ्ट एका टेबलावर बसते. तो तुझा लेन चाळीस वर्षं पंगतीत जेवलाय. आता त्याला खोलीत एकट्याला ट्रे येतो."

सोमवारी ती थालीपिठं घेऊन गेली. आधी ट्रेसीकडे जाऊन तिने परवानगी मागितली, माझी जेवणाची सुट्टी मी लेनच्या खोलीत घेऊ का, पण तो हो म्हणाला तरच. मग लेनचं दार वाजवलं. "तुम्ही नाही म्हणालात आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं." लेन खिडकीकडे बघत राहिला. "मी इथे बसून माझा डबा खाल्ला तर चालेल का?" त्याने खांदे उडवले. "तुम्ही जेवणार?" "नो." "नो वरीज," असं म्हणून तिने ते लिहून ठेवलं आणि बसून आपलं थालीपीठ खाल्लं. पुन्हा विचारलं नाही.

आणि ही सगळी बातमी मला रोज साडेचारला, सायकलचं स्टँड लावायच्या आत, मिळायची. मंगळवारी लेन म्हणाला, "तुझ्या डब्याला वास येतोय." बुधवारी विचारलं, "लसूण आहे का?" आणि मग सांगायला लागला की क्रिबरूममध्ये एक इटालियन होता, त्याच्या डब्याला असाच वास यायचा आणि सगळे त्याला शिव्या घालून त्याच्याच डब्यातलं खायचे. गुरुवारी बोलता बोलता त्याने आपला काटा उचलला. कादंबरीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "काकू, जीभ दाताखाली धरून बसले होते मी!" ती म्हणाली. "इट, इट असं ओठांवर येत होतं." मलाही तेच येत होतं, आणि मी तर चार किलोमीटरवर होते.

शेवटच्या आठवड्यात लेन स्वतःच म्हणाला, खोलीत नको, डायनिंग रूममध्ये बसू. तिथे मग आणखी दोघं खाणवाले निघाले. लंच वाढल्यावर तासभर टेबल हलेना. वजन किती वाढलं ते मला माहीत नाही, पण कादंबरी म्हणाली, ट्रेसीने वजनकाटा दोनदा पाहिला.

शेवटचा दिवस शुक्रवार. त्याच दिवशी ट्रेसी कागदावर सही करणार, पास किंवा नापास. मी फार्मसीत दिवसभर चुकीच्या कप्प्यात हात घालत होते. साडेचारला फाटक वाजलं, कादंबरी सायकल आडवी टाकून आत धावत आली आणि तिने मला उचललं. मला! मी काही कापसाची नाही.

"खाली ठेव आणि सांग!"

"पास, काकू! ऐका ना कसं झालं ते. लंच झालं. लेनने कस्टर्ड माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, घे लव्ह. मी म्हटलं, नो थँक्स लेन, पोट भरलंय. तो म्हणाला, गो ऑन. मी म्हटलं, खरंच नको. गो ऑन, लाजू नकोस! मी परत नको म्हटलं, तर चमचा भरून माझ्या तोंडाशी! सगळं टेबल ओरडतंय, गो ऑन, गो ऑन! आणि दारात बघते तर ट्रेसी, हातात माझा कागद. मी म्हटलं, ट्रेसी, याला सांगा ना, मी तीनदा नाही म्हटलंय!"

"मग?"

"ती भिंतीला टेकून हसायला लागली. तिथेच उभ्या उभ्या सही केली."

"आणि कस्टर्ड?"

"खाल्लं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला स्टेशनवर सोडायला गेलो. मी बेसनाचे लाडू केले होते, वीस. प्लॅटफॉर्मवर मी डबा पुढे केला आणि विचारलं, "लाडू नेणार?"

"नको काकू, सॅकमध्ये जागाच नाही."

मी तोंड मिटलं आणि डबा पिशवीत परत ठेवला. मधू माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मला ताप आलाय. कादंबरी पाया पडली, मिठी मारली, डब्यात चढली. मी पिशवी घट्ट धरून उभी. माझं काय होत होतं ते माझं मला ठाऊक.

दार मिटायला थोडाच वेळ उरला असेल. ती दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि ओरडली, "अहो काकू, असं काय करता? लेननेसुद्धा तीनदा विचारलं!"

"घे गं!" मी ओरडले. "अगं घे, लाजतेस काय!" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डबा तिच्या हातात होता.